तीन डेटाबेस, एक प्रश्न: मेटाडेटा स्टँडर्ड निवडायचं कसं?

संशोधनाची तयारी करणाऱ्या मित्रमैत्रिणींशी बोलताना एक वाक्य हमखास ऐकू येतं: "डेटा तर सगळा ऑनलाइन आहे, फक्त एकत्र करायचाय." या "फक्त" शब्दात किती महिने जातात, हे सिनॉप्सिस लिहिताना कुणी सांगत नाही. म्हणून आजचा लेख त्या "फक्त"बद्दल. वेगवेगळ्या डेटाबेसना एकच प्रश्न विचारायचा असेल, तर मधली सामाईक भाषा, म्हणजे मेटाडेटा स्टँडर्ड, कशी निवडायची ते बघू. उदाहरण जैवविविधतेचं घेतोय. तुमचा विषय वेगळा असला तरी पायऱ्या त्याच राहतात.

आधी प्रश्न ठरवू

सह्याद्रीतली कारवी तुम्हाला माहीत असेलच. साधारण सात-आठ वर्षांनी एकदा डोंगरच्या डोंगर जांभळे होतात आणि फुलून झालं की ते झाड मरतं. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २०१६ मध्ये असा मोठा फुलोरा आला होता.

आता समजा तुमचा प्रश्न असा आहे: कारवी फुलायचे महिने गेल्या शंभर वर्षांत सरकले आहेत का?

पीएच.डी.ची मुदत आणि कारवीचं चक्र यांची तुलना केलीत की अडचण लगेच लक्षात येईल. पाच वर्षं रोज डोंगरावर गेलात तरी एका ठिकाणचा एक फुलोरा दिसेल, किंवा तोही दिसणार नाही. म्हणजे इतरांनी, इतर काळात, इतर कारणांसाठी केलेल्या नोंदी वापरण्यावाचून गत्यंतर नाही. अशा नोंदी साधारण तीन ठिकाणी सापडतात.

१. हर्बेरियम. पुण्यात बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडियाचं पश्चिम विभागीय केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था, मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजमधलं ब्लॅटर हर्बेरियम. वाळवून कागदावर चिकटवलेले नमुने आणि प्रत्येकाला एक लेबल. आपल्या उदाहरणापुरतं समजू, की एका हर्बेरियमची लेबलं मायएसक्यूएलमध्ये भरलेली आहेत.

२. नागरिकांनी टाकलेल्या नोंदी. आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर फोटो, तारीख, ठिकाण असतं. एपीआयमधून मागितलं तर जेसन मिळतं.

३. तुमच्या लॅबचा जुना प्लॉट सर्व्हे. एक्सेलची फाइल, सात-आठ शीट्स, आणि सीनियरने ठरवलेले कोड.

एकच गोष्ट, तीन तऱ्हा

कल्पनेतल्या तीन नोंदी शेजारी ठेवून बघा.

हर्बेरियम: नाव "कार्व्हिया कॅलोसा", ठिकाण "महाबळेश्वर, ४५०० फूट", तारीख "सप्टें. १९०८".

आयनॅचरलिस्ट: नाव "स्ट्रोबिलॅन्थिस कॅलोसा", अक्षांश-रेखांश दशांशात, तारीख आणि वेळ अगदी मिनिटापर्यंत.

एक्सेल: प्लॉट "पी-०७", तिसरी फेरी, कोड "एसटीआरसीएएल", आच्छादन ४० टक्के. पुढच्या प्लॉटसमोर रिकामा चौकोन.

माणसाला कळतं की तिन्ही ठिकाणी कारवीच आहे. कॉम्प्युटरला कळत नाही. अडथळे तीन पातळ्यांवर आहेत, आणि ते वेगळे ओळखता आले की निम्मा गोंधळ मिटतो.

पहिली पातळी तांत्रिक: एक मायएसक्यूएल, एक जेसन, एक एक्सेल. ही सगळ्यात सोपी. पायथन किंवा आर वापरून दोन दिवसांत तिन्ही एका जागी आणता येतात.

दुसरी पातळी रचनेची: एकीकडे एक ओळ म्हणजे एक नमुना, दुसरीकडे एक फोटो-नोंद, तिसरीकडे एका प्लॉटची एक फेरी. ओळीचा अर्थच वेगळा.

तिसरी पातळी अर्थाची: "तारीख" म्हणजे गोळा केल्याची, फोटो काढल्याची, की डेटा भरल्याची? रिकामा चौकोन म्हणजे झाड नव्हतं, की कुणी बघितलं नाही?

बरेच जण पहिली पातळी पार केली की काम झालं असं समजतात. मेटाडेटा स्टँडर्ड लागतं ते दुसऱ्या आणि तिसऱ्या पातळीसाठी.

मधली भाषा का हवी?

प्रत्येक डेटाबेसची प्रत्येकाशी जोडी लावत बसलात तर तीन डेटाबेससाठी तीन जोड्या होतात. सहा झाले की १५, दहा झाले की ४५. त्याऐवजी प्रत्येकाने आपले कॉलम एका सामाईक यादीशी जुळवले, तर दहा डेटाबेससाठी दहाच जुळण्या लागतात. नवीन डेटाबेस आला की फक्त एक वाढते. तुम्ही प्रश्न त्या सामाईक यादीच्या भाषेत विचारायचा.

ही यादी तुम्ही स्वतः बनवू शकता का? शकता. पण मग तुमचा थीसिस संपल्यावर तो डेटा तुमच्याशिवाय कुणालाच वाचता येणार नाही. तयार यादीमागे अनेकांनी अनेक वर्षं घातलेला वाद आणि विचार असतो, तो फुकटात मिळतोय तर घ्यावा.

उमेदवार कोण कोण?

*डब्लिन कोअर.* १९९५ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या डब्लिन गावी झालेल्या कार्यशाळेतून हे आलं, नाव त्या गावावरून. मूळ घटक १५: शीर्षक, निर्माता, विषय, तारीख, हक्क वगैरे. पुस्तक, अहवाल किंवा अख्खा डेटासेट शोधायला उत्तम. पण "या नमुन्याला फूल होतं का?" हा प्रश्न त्याला विचारता येत नाही, कारण ते वस्तूच्या बाहेरच्या पाटीचं वर्णन करतं.

*ईएमएल, म्हणजे इकॉलॉजिकल मेटाडेटा लँग्वेज.* डेटासेट कुणी, कुठे, कोणत्या पद्धतीने बनवला, प्रत्येक कॉलमचा अर्थ आणि एकक काय, हे सविस्तर लिहायची सोय यात आहे. "आच्छादन टक्क्यांत की चौरस मीटरमध्ये?" याचं उत्तर इथे सापडतं. पण ईएमएल तुमचे कॉलम समजावून सांगतं, ते दुसऱ्याच्या कॉलमांसारखे करून देत नाही.

*डार्विन कोअर.* टीडीडब्ल्यूजी या जैवविविधता माहितीच्या मानकांवर काम करणाऱ्या संस्थेने २००९ मध्ये याला मान्यता दिली. नोंदीच्या पातळीवरचं स्टँडर्ड: कोणती जात, कुठे, कधी, कुणी नोंदवली, कशाच्या आधारावर. रचना सपाट, म्हणजे साध्या तक्त्यात बसणारी. जीबिफ या जागतिक जाळ्यात दोन अब्जांहून जास्त नोंदी आहेत आणि त्या मुख्यतः याच भाषेत मिळतात.

*एबीसीडी.* हेही टीडीडब्ल्यूजीचंच, २००५ मध्ये मान्य झालेलं. हजाराच्या वर घटक, एक्सएमएलमध्ये एकात एक गुंफलेले. एका नमुन्याची ओळख कुणीकुणी, कधीकधी बदलली, हा सगळा इतिहास नीट बसवता येतो. युरोपातल्या अनेक संग्रहालयांत चालतं. पण एकट्या विद्यार्थ्याने एक्सेलपासून तिथवर जायचं म्हणजे दमछाक आहे.

एक गोष्ट लक्षात आली का? हे चौघं एकमेकांचे सरळ प्रतिस्पर्धी नाहीत. काही डेटासेटचं वर्णन करतात, काही एकेका नोंदीचं. "डब्लिन कोअर चांगलं की डार्विन कोअर?" या प्रश्नाला तसं उत्तरच नाही. डार्विन कोअरची फाइल देवाणघेवाणीसाठी बांधतात तेव्हा तिच्यात ईएमएलचं पान घालतात, म्हणजे दोन्ही एकत्र नांदतात.

निवडायचं कसं? चार प्रश्न

पहिला: तुमचा सगळ्यात अवघड प्रश्न कोणता? सोप्या प्रश्नावर स्टँडर्ड निवडू नका. "कारवी कुठे आढळते?" याला कुठलंही स्टँडर्ड पुरेल. "कोणत्या महिन्यात फुललेली होती, आणि कुठे शोधूनही फुललेली नव्हती?" हा खरा प्रश्न. तो कागदावर लिहा आणि त्यातल्या प्रत्येक शब्दासाठी स्टँडर्डमध्ये जागा आहे का ते तपासा. जात: आहे. तारीख: आहे. फुलोरा: डार्विन कोअरमध्ये "रिप्रॉडक्टिव्ह कंडिशन" नावाचा घटक आहे. नव्हती: "ऑकरन्स स्टेटस" आहे, त्यात हजर किंवा गैरहजर लिहिता येतं.

दुसरा: ओळ म्हणजे काय? नमुने आणि फोटोंसाठी डार्विन कोअरचा "ऑकरन्स" साचा चालतो. प्लॉट सर्व्हेसाठी "इव्हेंट" साचा घ्यावा: आधी फेरीची ओळ, तिच्याखाली त्या फेरीत दिसलेल्या जाती. फेरी कधी, किती क्षेत्रात, कोणत्या पद्धतीने केली, हे फेरीच्या ओळीत जातं. हे न करता सर्व्हे सरळ ऑकरन्समध्ये कोंबलात, तर "बघितलं पण नव्हतं" ही माहिती कायमची गेली.

तिसरा: तुमच्या स्रोतांपैकी किती जण ती भाषा आधीच बोलतात? आयनॅचरलिस्टच्या रिसर्च ग्रेड नोंदींपैकी खुल्या परवान्याच्या नोंदी जीबिफवर डार्विन कोअरमध्ये मिळतातच. म्हणजे तुमच्या तीन जुळण्यांपैकी एक आयती झाली.

चौथा: काय गमवाल? कुठल्याही जुळणीत काहीतरी सुटतं. एबीसीडीच्या तुलनेत डार्विन कोअरमध्ये ओळख-बदलाचा गुंतागुंतीचा इतिहास चपटा होतो. तुमचा प्रश्न त्या इतिहासावर अवलंबून नसेल तर हरकत नाही. असेल तर निवड बदला.

आपल्या कारवीच्या प्रश्नासाठी मी काय निवडेन? नोंदींसाठी डार्विन कोअर, सर्व्हेला इव्हेंट साचा, आणि डेटासेटच्या वर्णनाला ईएमएल.

जुळणीचा तक्ता: खरी लढाई इथे

स्टँडर्ड निवडणं एका दुपारचं काम आहे. तुमचा कोणता कॉलम कुठल्या घटकात जाईल, हे लिहिण्यात पुढचे आठवडे जातात. आणि चुकीचा निष्कर्ष शिरतो तो इथूनच. पाच जागा सांगतो.

*तारीख.* लेबलवर फक्त "१९०८" आहे. डेटाबेसचा तारखेचा कॉलम अर्धी तारीख घेत नाही, म्हणून भरणारा १ जानेवारी १९०८ लिहून मोकळा होतो. अशा पन्नास नोंदी जमल्या की तुमच्या आलेखात शंभर वर्षांपूर्वीची कारवी भर जानेवारीत फुलताना दिसेल! आणि "फुलोरा सरकला" हा निष्कर्ष कागदावर अगदी देखणा दिसेल. डार्विन कोअरच्या "इव्हेंट डेट"मध्ये आयएसओ ८६०१ पद्धतीने नुसतं "१९०८" किंवा "१९०८-०९" लिहिता येतं. क्वेरीसाठी दोन जास्तीचे कॉलम ठेवा: लवकरात लवकर आणि उशिरात उशिरा. मग महिन्याबद्दल विचारताना फक्त त्याच नोंदी घ्या, जिथे या दोन्हींत एका महिन्याहून जास्त अंतर नाही.

*जागा.* अक्षांश-रेखांशासोबत "अनिश्चितता मीटरमध्ये" हा घटक भरलाच पाहिजे. "महाबळेश्वर" या शब्दाला नकाशावर एक बिंदू दिलात, तरी नमुना त्या बिंदूपासून काही किलोमीटरवरचा असू शकतो. आयनॅचरलिस्ट धोक्यातल्या जातींची जागा मुद्दाम झाकतं. तिथे दिसणारा बिंदू ०.२ अंशाच्या चौकोनात, म्हणजे साधारण वीस-बावीस किलोमीटरच्या पट्ट्यात, कुठेही टाकलेला असतो. शिवाय सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने टोपोशीट एव्हरेस्ट डेटमवर आहेत, मोबाइल डब्ल्यूजीएस-८४ वापरतो. दोन्हींत शंभरेक मीटरचा फरक सहज पडतो. सह्याद्रीच्या कड्यावर शंभर मीटर म्हणजे वरचं पठार की खालची दरी!

*नाव.* १९४४ साली ब्रेमेकॅम्प या वनस्पतिशास्त्रज्ञाने स्ट्रोबिलॅन्थिस या मोठ्या जीनसचे अनेक छोटे तुकडे केले. त्यातून कारवीला "कार्व्हिया" हे जीनस मिळालं. पुढे मत बदललं आणि ती बहुतेक ठिकाणी परत स्ट्रोबिलॅन्थिसमध्ये आली. आता फक्त आजचं नाव शोधलंत तर मधल्या काळात लिहिलेली लेबलं सुटतात. म्हणजे नेमक्या काही दशकांचा डेटा गायब, आणि तुम्हाला वाटेल की तेव्हा कुणी कारवी गोळाच केली नाही. उपाय: लेबलवरचं नाव जसंच्या तसं एका घटकात, आणि आजचं मान्य नाव दुसऱ्या घटकात. मान्य नाव ठरवायला प्लान्ट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइनसारखी एकच यादी घ्या आणि कोणत्या दिवशी बघितली ते लिहून ठेवा.

*दुहेरी नोंदी.* एकाच झाडाचे तीन-चार नमुने करून वेगवेगळ्या हर्बेरियमला पाठवायची जुनी पद्धत आहे. डेटाबेस एकत्र केले की एकच फुलोरा चारदा मोजला जातो. गोळा करणाऱ्याचं नाव, त्याचा अनुक्रमांक आणि तारीख हे तिन्ही जुळत असेल तर थांबून तपासा.

*रिकामा चौकोन.* त्याचा अर्थ लॅबमधल्या ज्येष्ठांना विचारा, अंदाज करू नका. फेरीत त्या जातीसाठी खरंच शोध घेतला होता असं कळलं, तरच "गैरहजर" लिहा.

या सगळ्यावर एक नियम: मूळ मजकूर कधीही पुसायचा नाही. डार्विन कोअरमध्ये "व्हर्बॅटिम" नावाने सुरू होणारे घटक यासाठीच आहेत. जुळणी चुकली तर मुळाकडे परत जाता आलं पाहिजे.

थेट विचारायचं की आधी गोळा करायचं?

कागदावर सुंदर दिसणारा मार्ग असा: क्वेरी एका ठिकाणी लिहायची, ती प्रत्येक डेटाबेसकडे जाईल आणि उत्तरं जमून परत येतील. याला फेडरेटेड क्वेरी म्हणतात. अडचण अशी, की सगळ्यात सुस्त सर्व्हर जेवढा वेग देईल तेवढाच तुमचा वेग. एखादा बंद असेल तर उत्तर अर्धवट येतं, आणि उद्या तीच क्वेरी चालवली तर वेगळं येऊ शकतं.

जैवविविधतेच्या जगाने हा अनुभव घेतलाय. सुरुवातीला डायगर, टॅपिर, बायोकेस असे प्रोटोकॉल वापरून दूरच्या डेटाबेसना थेट विनंत्या पाठवत. मोठ्या डेटासेटसाठी ते इतकं संथ आणि नाजूक ठरलं, की पुढे "डार्विन कोअर अर्काइव्ह" आलं: साध्या टेक्स्ट फाइल, त्यांचा अर्थ सांगणारी एक छोटी फाइल, सगळं एका झिपमध्ये. अर्काइव्ह उतरवा, एका जागी ठेवा, मग हवं ते विचारा.

विद्यार्थ्यासाठी माझा सल्ला हाच. तिन्ही स्रोत डार्विन कोअरमध्ये आणून एका पोस्टग्रेस किंवा एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये ठेवा, उतरवल्याची तारीख लिहा, आणि जीबिफवरून घेतलं असेल तर त्या डाउनलोडला मिळणारा डीओआय जपून ठेवा. परीक्षकाने तीन वर्षांनी विचारलं, "हा आकडा कुठून आला?" तर दाखवता येईल.

स्टँडर्ड काय करून देणार नाही

"रिप्रॉडक्टिव्ह कंडिशन" हा घटक आहे खरा, पण त्यात काय लिहायचं याची सक्तीची यादी नाही. एक जण "फुलं" लिहितो, दुसरा "फ्लॉवरिंग", तिसरा "कळ्या व फुलं", आणि बरेच जण काहीच लिहीत नाहीत. स्टँडर्ड कप्पा देतं, कप्प्यातले शब्द तुम्हालाच ठरवावे लागतात. चार-पाच शब्दांची छोटी यादी करा: कळी, फूल, फळ, काही नाही, माहीत नाही. शेवटचे दोन कधीही एकत्र करू नका.

दुसरं म्हणजे, डेटा गोळा करण्यातला कल स्टँडर्डने सरळ होत नाही. जुने संग्राहक जिथे रस्ता होता तिथे गेले. आजचे फोटो सुट्टीच्या दिवशीचे, लोकप्रिय घाटांतले. कॉलम एकसारखे झाले म्हणून नोंदी तुलनेला योग्य झाल्या असं नसतं. तो हिशेब संख्याशास्त्रात करावा लागतो.

तुमचा विषय वेगळा असेल तर

प्रत्येक क्षेत्राने आपली भाषा घडवलेली असते, आधी ती शोधा. रुग्णालयांच्या नोंदींसाठी ओमॉप, सामाजिक सर्वेक्षणांसाठी डीडीआय, हवामानाच्या फाइलींसाठी सीएफ कन्व्हेन्शन्स. खगोलशास्त्रात आयव्हीओएचं ऑब्सकोअर आहे, वेगवेगळ्या दुर्बिणींच्या संग्रहांना एकच क्वेरी विचारता यावी म्हणूनच बनवलेलं. पुण्याच्या आयुकात असाल तर तिथल्या आभासी वेधशाळेच्या कामाबद्दल नक्की विचारा.

आणि सुरुवात मोठी करू नका. तुमचा सगळ्यात अवघड प्रश्न एका वाक्यात लिहा. प्रत्येक स्रोतातल्या दहा-दहा नोंदी घ्या, शक्यतो सगळ्यात विचित्र दिसणाऱ्या. त्या तीस ओळी निवडलेल्या स्टँडर्डमध्ये हाताने बसवा आणि प्रश्न विचारून बघा. काय बसत नाही, काय सुटतं, कुठे अंदाज करावा लागतो, हे त्या तीस ओळींतच कळतं. ती टिपणं म्हणजेच तुमच्या थीसिसमधल्या मेथड्सच्या प्रकरणाचा पहिला कच्चा मसुदा. तीस हजार ओळी आयात करण्याआधी हा एक दिवस काढा.